मार्लनचा रकाना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. समीरला नाही — माझ्या नवऱ्याला, ज्याला माझ्या रूट कॅनालपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं ठाऊक असतं. आईला नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणारं कुणी नसलं की बोलायला सोपं जातं — आणि हे काही धाडस नव्हे, तेही मला कळतं.

आधी माझं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या ऑफिसात आहे. आपला फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. नागपूरला स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी, मग इथे मिनेसोटात मास्टर्स, मग काही वर्षं एक विमा कंपनी, आणि तिथून हा संघ. विम्यातून फुटबॉलमध्ये कशी काय गेलीस, असं मराठी मंडळात सगळे विचारायचे. मी सांगायची, फरक काही नाही, इथेही माणूस किती टिकेल तेच काढायचं असतं. सगळे हसायचे. मीही हसायची.

दर वसंतात कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड होते. संघ आळीपाळीने एकेकाला उचलतात. उचलायच्या त्या हक्काला ‘पिक’ म्हणतात, आणि तो हक्क दुसऱ्या संघाला देता येतो. सगळ्या पिक्सचा एक तक्ता असतो — पहिल्याला सगळ्यात जास्त गुण, मग उतरत उतरत सातव्या फेरीच्या शेवटी जवळजवळ काहीच नाही. मैदानावर खेळत असलेला एखादा खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचा असेल, तर त्यालाही याच तक्त्यात बसवायचं. हा माणूस म्हणजे तिसऱ्या फेरीतलं एक पिक. तो म्हणजे पाचव्या फेरीतलं. बसवायचं काम माझं. आणि मी त्यात हुशार आहे — खोटा विनय कशाला, फार हुशार आहे.

पहिल्या वर्षी मला सामना बघवायचा नाही. टीव्हीवर तो आवाज कळत नाही तुम्हाला. मैदानाच्या कडेला एकदा उभं राहा. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा तो आवाज येतो, आणि पाठोपाठ माणसाच्या छातीतून निघालेली हवा ऐकू येते. एकाचं बोट उलटं वळलेलं मी पाहिलंय — त्याने ते ट्रेनरकडून ओढून सरळ करून घेतलं, टेप गुंडाळली आणि परत गेला. एकजण दातांतून रक्त थुंकून हसत होता. एकाचा गुडघा नको त्या बाजूला गेला, आणि त्याची किंचाळी साठ हजार लोकांच्या ओरडण्यातूनही वेगळी कळली. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

तिसऱ्या वर्षापर्यंत काय झालं होतं, ते सांगायची मला जास्त लाज वाटते. मला ते आवडायला लागलं होतं. घरात झुरळ मारायला नवऱ्याला हाक मारणारी मी — आमचा बचावपटू पळत सुटला की माझ्या मुठी आवळायच्या. ‘मार,’ असं मराठीत निघायचं माझ्या तोंडून. ‘मार त्याला.’ समोरचा आडवा पडला, उठताना भेलकांडला, की पोटात काहीतरी गरम पसरायचं. कुणाला सांगणार हे? फराळाच्या ताटावर बसून?

आणि सगळ्यात जास्त ज्याच्यासाठी मी ‘मार’ म्हणायची, तो मार्लन.

मार्लन सेफ्टी होता. सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा, आणि चेंडू घेऊन कुणी पुढची फळी फोडली की लांबून धावत येऊन त्याला उताणा पाडणारा. तो थांबवायचा नाही, फोडायचा. एकदा त्याने एकाला असं घेतलं की हेल्मेट उडून दहा हात लांब घरंगळत गेलं, आणि क्षणभर मला वाटलं आत डोकं आहे. बाकी मैदानाबाहेर इतका मऊ माणूस मी पाहिला नाही. वरच्या मजल्यावर आमच्या आकडेवाल्यांच्या खोलीत येणारा तो एकटाच खेळाडू. खुर्ची उलटी फिरवून बसायचा, माझ्या डब्यातला चिवडा मूठभर घ्यायचा आणि विचारायचा, “आज मी किती?”

मी सांगायची, “तिसऱ्या फेरीचा शेवट.” तो छातीवर हात ठेवून गोळी लागल्यासारखं करायचा. आमचा खेळच होता तो.

त्याची आई, मिस लॉरेन, त्याच्याकडेच राहायची. दक्षिणेतली बाई, इथल्या थंडीला रोज शिव्या घालणारी. दोघं एकदा आमच्या घरी ईडन प्रेरीला जेवायला आली होती. तिने तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि चौथी फॉइलमध्ये बांधून मागितली. मार्लनने आमच्या तन्वीला पाठुंगळी घेऊन सगळं घर फिरवलं. लेकीला त्यानंतर महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आता ऑक्टोबर. आमच्याच मैदानावरचा सामना. मार्लन डोकं खाली घालून घुसला — असं घुसायचं नसतं, लहानपणापासून शिकवतात — आणि त्याचं हेल्मेट समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला. उठून दोन पावलं चालला, पण उलट्या दिशेने. शेजारच्या खेळाडूने त्याचा पट्टा धरून त्याला वळवलं. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. तो पुन्हा मैदानात गेला आणि पुढच्याच खेळीत एकाच्या बरगड्यांत खांदा घातला. मी टाळ्या वाजवल्या.

खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये नाण्याएवढी चिप असते. कोण कुठे, किती वेगाने, सेकंदाला दहा वेळा नोंद होते. मी त्यातून स्वतःच्या समाधानासाठी एक रकाना काढला होता — चेंडू हलल्यापासून खेळाडूचं पहिलं पाऊल पडेपर्यंत किती वेळ गेला, एवढाच. डॉक्टरांकडे तो जात नव्हता, कोचलाही माहीत नव्हता. त्या सामन्यानंतर मार्लनच्या रकान्यातले आकडे वाढले. फरक पापणी लवण्याएवढाही नव्हता. पण पुढच्या सामन्यात तो तसाच राहिला, आणि त्याच्या पुढच्या सामन्यात आणखी वाढला. व्हिडिओ बघून कुणाला दिसला नसता. मला दिसला.

त्या आठवड्यात तो वर आला, चिवडा घेतला, विचारलं, “आज मी किती?” मी सांगितलं. त्याने नेहमीचं नाटक केलं. आम्ही थोडं इकडचं तिकडचं बोललो. मग तो उठला, दाराशी गेला, वळला आणि म्हणाला, “विचारायचं राहिलंच — आज मी किती?”

मी पुन्हा तोच आकडा सांगितला. त्याने पुन्हा छातीवर हात ठेवला, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा. आणि मी काय केलं? त्याच्यामागे धावत गेले? तीन मजले खाली डॉक्टरांची खोली होती, तिथे गेले? मी डब्याचं झाकण लावलं.

खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, मंगळवारी दुपारी. त्या वर्षी दिवाळी तिला चिकटूनच आली होती. आम्हाला त्या आठवड्यात सामना नव्हता, म्हणून शनिवारी दुपारी साठे काकांकडे फराळाला जाता आलं. काका निवृत्त न्यूरॉलॉजिस्ट, या शहरातल्या अगदी पहिल्या मराठी डॉक्टरांपैकी. सोफ्याच्या कोपऱ्यात बसून चकली खात होते. मी शेजारी बसले आणि फोनवर एक क्लिप दाखवली — मार्लनची. ती टक्कर, ती उलटी दोन पावलं, आणि मग नंतरच्या सामन्यांतले तुकडे, एकापाठोपाठ एक लावलेले.

काकांनी तीन वेळा बघितलं. चकली ताटलीत परत ठेवली.

“मीनल, हा मुलगा अजून खेळतोय?”

“नाही काका. जुनी क्लिप आहे. रिटायर झाला तो.”

“देन ही इज लकी. असा दुसरा हिट बसला असता ना, तर संपलं असतं. मी पेशंट्स बघितलेत असे. माणूस जगतो गं, पण टेंपर जातो, जजमेंट जातं. घरच्यांना तो ओळखू येत नाही. अशा केसमध्ये त्याच दिवशी थांबवायचं, नो डिस्कशन.”

काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अहो, सणाच्या दिवशी काय मारामाऱ्या बघत बसलाय? मीनल, तू पण ना. अनारसा घे.” मी अनारसा घेतला. चांगला झाला होता, जाळी सुरेख पडली होती. मी तसं सांगितलंही.

सोमवारी बैठक होती. रिक — संघाचा सगळा कारभार बघणारा आमचा जनरल मॅनेजर — टेबलाच्या टोकाला. दक्षिणेतल्या एका संघाला सेफ्टी हवा होता, त्यांचा पहिला जायबंदी झाला होता. मार्लनच्या बदल्यात ते तिसऱ्या फेरीचं पिक द्यायला तयार होते. पडद्यावर माझी फाइल उघडली होती. रिकने सगळ्यांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे.

“मला माहीत असायला हवं असं आणखी काही?”

“नाही,” मी म्हणाले. “तो व्यवस्थित आहे.”

रकाना फाइलमध्येच होता. मी तो पुसला नव्हता, नुसता लपवला होता — माउसचे दोन क्लिक. आकड्याच्या माणसाला पुसायचं धैर्य होत नाही.

आता — इथे थांबले, तर तुम्हाला काय वाटेल? बाई घाबरली. मोठ्या लोकांच्या खोलीत एकटी बाई, परक्या देशातली, नोकरीच्या भीतीने गप्प बसली. वाईट, पण समजण्यासारखं. मीही स्वतःला कितीतरी महिने एवढंच सांगत होते, आणि रडतही होते. रडून बरं वाटायचं.

पण अर्धंच सांगितलंय मी.

मार्लनला देऊन टाकायचं हे कुणाच्या डोक्यात आलं? रिकच्या नाही. कोचच्या तर मुळीच नाही, त्याचा तो लाडका होता. ते माझ्या डोक्यात आलं. फराळाच्या आदल्या गुरुवारी मी रिकच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, मार्लनची किंमत आत्ता आहे तितकी पुन्हा कधी येणार नाही. का, असं त्याने विचारलं. मी वयाचं कारण दिलं, कराराचं दिलं, दोन साळसूद आलेख दाखवले. खरं कारण तो रकाना होता. आणखी महिन्याभराने तो उशीर डोळ्यांनाही दिसायला लागला असता, आणि मग त्याच्या बदल्यात कुणी सातव्या फेरीचंही पिक दिलं नसतं. बाजाराला कळायच्या आत विकायचं. विमा कंपनीत असताना जळत्या घराचा विमा काढायला येणाऱ्यांना मी चोर म्हणायची.

आणि साठे काका? मी त्यांच्याकडे काळजीने गेले होते, असं वाटलं ना तुम्हाला? मी तसंच सांगितलं. मी अंदाज घ्यायला गेले होते. किती वेळ हातात आहे, लोकांना किती दिवसांत दिसेल — एवढंच मला हवं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाने चकली बाजूला ठेवून मला सांगितलं, की याला थांबवायला हवं. मी ऐकलं ते असं, की घाई करायला हवी. अनारसा खाताना मला बरं वाटत होतं. माझा आकडा बरोबर निघाला होता.

मंगळवारी दुपारी व्यवहार झाला. तिकडच्या डॉक्टरांनीही त्याला तपासून पास केलं, त्याला सगळे प्रश्न पाठ होते. जाण्याआधी तो वर आला. “शेवटी किती?” मी सांगितलं — तिसरी फेरी, आणि तीही शेवट नव्हे, मधली. त्याचा चेहरा उजळला. त्याने मला मिठी मारली, माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. ‘तू माझ्यासाठी भांडलीस ना?’ असं त्याने विचारलं, आणि मी नाही म्हटलं नाही.

तिकडचा त्याचा दुसरा रविवार. आमचा सामना संपवून मी घरी आले होते, संध्याकाळ व्हायची होती, टीव्हीवर त्यांचा सामना लागला होता. तन्वी गालिच्यावर बसून बघत होती. चेंडू हलला. मी मनातल्या मनात मोजलं — आणि तो उशीर दिसला, आता नुसत्या डोळ्यांनीही दिसला. मार्लन पोचायला हवा होता तिथे पोचलाच नाही. समोरचा वेगात आला आणि त्याचा खांदा सरळ मार्लनच्या जबड्याखाली बसला. मान मागे झटकली गेली. तो पडतानाच बेशुद्ध होता — डोकं जमिनीवर एकदा आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. मग त्याचे दोन्ही हात कोपरापासून ताठ होऊन हवेत उभे राहिले. बोटं वाकडी. कुणी धरलेलं नसताना ते हात तसेच वर राहिले.

“आई, व्हाय इजन्ट ही गेटिंग अप?”

त्यांनी ते चार वेळा दाखवलं, हळू करून. मी चारही वेळा बघितलं. मला खरं काय वाटलं, सांगू? पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं — आपण वेळेत काढला. हा विचार माझ्या डोक्यात आधी आला, आणि तन्वीचे डोळे झाकायला हात नंतर गेला.

त्या आठवड्यात ऑफिसात लोकांनी माझी पाठ थोपटली. त्यांना वाटलं, नशीब. रिकला मात्र नशीब वाटलं नसावं, कारण तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, आणि वसंतात त्याने मला बढती दिली.

मार्लन परत खेळला नाही. दोघं दक्षिणेत मिस लॉरेनच्या जुन्या गावी राहायला गेली. सुरुवातीला तिचे मेसेज यायचे. त्याला उजेड सहन होत नाही. तो गाडी कुठे लावली ते विसरतो. त्याने स्वयंपाकघराचं दार बुक्क्यांनी फोडलं, आणि नंतर रडत त्याला नवीन कडी लावत बसला. मी प्रत्येक मेसेजला हात जोडल्याचं चित्र पाठवायची.

मागच्या वसंतात तिचा फोन आला. सकाळी दहा-साडेदहाला, मी डेस्कवर होते. तिचा आवाज ओळखू येईना, शब्द दातांमागून येत होते. जबडा तारेने बांधला होता. मार्लनने फोडला होता. दूध संपलंय असं ती म्हणाली होती, तेवढ्यावरून. खाली पडल्यावर त्याने तिच्या हातावर पाय दिला, आणि शेजारच्यांनी पोलिसांना बोलावेपर्यंत तो थांबला नाही. आता तो कोठडीत होता.

ती रडत नव्हती. तिला मला एक विचारायचं होतं. तिच्या नवऱ्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलली — मार्लनचा बाप मारायचा. हाताला येईल त्याने मारायचा. मार्लन नऊ वर्षांचा असताना त्याला घेऊन तिने ते घर सोडलं, आणि पुढची सगळी वर्षं ती एकाच गोष्टीवर डोळा ठेवून होती, की हा बापावर जात नाही ना. तो नाही गेला. मैदानावर काय करायचं ते केलं, पण घरात त्याने कधी आवाजसुद्धा चढवला नाही.

“तू त्याला रोज बघायचीस,” ती म्हणाली. “तो म्हणायचा, माझ्याबद्दल हिला जे कळतं ते डॉक्टरांनाही कळत नाही. मला एवढंच सांग. तो इथे यायच्या आधी, तुमच्याकडे असताना, तुला कधी काही दिसलं होतं? डोक्याला लागल्यावर काही बदललं होतं? मला माहीत हवंय, हे त्या खेळाने केलं की हे त्याच्या रक्तातच होतं.”

साऱ्या जगात त्या प्रश्नाचं उत्तर एका माणसाकडे होतं. तारखेसकट होतं. मी म्हणाले असते, हो, ऑक्टोबरमध्ये, अमुक सामन्यात, अमुक मिनिटाला तुमचा मुलगा बदलला, मी स्वतः पाहिलं — तर त्या बाईला तिचा मुलगा परत मिळाला असता. नुसता मनात का होईना.

“नाही, मिस लॉरेन,” मी म्हणाले. “माझ्या आकड्यांत तसं काही नव्हतं.”

मग ती म्हणाली, “मग रक्तच.” तिने माझे आभार मानले. तन्वी कशी आहे, विचारलं. फोन ठेवला.

मी तसं का म्हटलं, ते सांगणार नाही. माझ्याकडे कारणं आहेत, पण सांगितली की ती सबबीसारखी ऐकू येतील, आणि आहेतही सबबीच.

त्यानंतर तिचे दोनच मेसेज आले. केस उभी राहिली तेव्हा ती कोर्टात गेली नाही. तुरुंगात भेटायलाही जात नाही. तो बापावर गेलाय, असं तिने गावात सगळ्यांना सांगितलंय. तुरुंगातून त्याने तिला पत्र लिहिलं, त्यात तिची माफी मागितली आहे आणि लिहिलंय, की आई, तू मला वाचवायचा फार प्रयत्न केलास, पण मी जन्मापासूनच असा होतो.